नादारीचा दिवा : मराठवाड्यातले कर्ज आणि सुटकेचा कायदा

दिवाळी आणि दिवाळे हे दोन शब्द शेजारी उच्चारले की ऐकणारा जरा अवघडतो. ज्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीची पूजा करून पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहितो, त्या संध्याकाळी दिवाळ्याचे नाव कुणी काढत नाही. तरीही या दोन्ही शब्दांचा दिव्याशी संबंध जोडला गेला आहे. रॉबर्ट ड्रमंड याने १८०८ साली मुंबईत गुजराती, मराठी आणि इंग्रजी शब्दांविषयी एक पुस्तक छापले. त्यात त्याने दिवाळे काढण्याची प्रथा नोंदवली आहे. धंदा बुडाल्याचे लक्षात आले की व्यापारी दुकानात किंवा घरात मोठा दिवा पेटवून ठेवी आणि काही काळ निघून जाई. हिशेब उघड होऊन, उरलेल्या मालमत्तेची वाटणी ठरून धनकोंचे समाधान झाले की तो परत येई. या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचे एकमत नाही. प्रथा मात्र विचार करण्यासारखी आहे. दिवा लावणे म्हणजे ‘माझ्याकडे आता काही उरलेले नाही, येऊन पाहा’ असे चारचौघांत सांगणे. ती कबुली होती आणि परतण्याची वाटही होती.

कायद्याने या अवस्थेला दुसरा शब्द दिला : नादारी. फारसीत ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. आमच्या पिढीला हा शब्द शाळेमुळे माहीत आहे. फी परवडत नसलेल्या मुलाला नादारी मिळे. त्या नादारीत थोडा संकोच असे, पण गुन्ह्याची भावना नसे. तपासणी होऊन मुलगा वर्गात राही. कर्जाच्या बाबतीतली नादारी मुळात तशीच आहे. न्यायालय ऋणकोची स्थिती तपासते, असेल ते धनकोंत वाटते आणि उरलेल्या कर्जातून त्याला मोकळे करते. नांदेड-लातूरकडच्या बोलण्यात मात्र ‘दिवाळखोर’ ही शिवी राहिली आणि नादारीचा अर्ज ही अपरिचित गोष्ट राहिली. असे का झाले, याचा माग या लेखात काढायचा आहे. कारण मधल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे कर्जातून सुटण्याचे जे मार्ग निघाले, त्यांत माफी पुष्कळ वेळा आली. ऋणकोने स्वतःच्या हक्काने उघडावा असा दरवाजा फार क्वचित आला, आणि आला तेव्हा तो आपल्या उंचीचा नव्हता.

गहाण पडलेला जिल्हा

मराठवाड्यात कर्जाची सर्वांत मोठी कहाणी शेतकऱ्याची नाही, राज्यकर्त्याची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हैदराबादेत पामर आणि कंपनी ही पेढी निजाम सरकारला चढ्या व्याजाने पैसे पुरवू लागली. दिवाण चंदूलाल यांच्या काळात हे कर्ज वाढत गेले. ते फेडण्यासाठी १८२३ साली निजामाने उत्तर सरकार प्रांतापोटी इंग्रजांकडून मिळणाऱ्या वार्षिक पेशकशीवर कायमचे पाणी सोडले आणि एकरकमी पैसा घेतला. पुढच्याच वर्षी पामर कंपनी स्वतः बुडाली.

संस्थानाचे कर्ज मात्र संपले नाही. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा खर्च थकत गेला. अखेर १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिले. लातूर पुढे ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि १९८२ साली ज्यातून स्वतंत्र जिल्हा म्हणून बाहेर पडले, त्याचे मुख्य ठिकाण म्हणजे हेच धाराशिव. म्हणजे इथला मुलूख धन्याच्या कर्जापोटी तारण गेला होता. रयतेने कर्ज काढले नव्हते. तिची फक्त वसुलीची कचेरी बदलली.

१८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले आणि सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज रद्द झाले. आपल्या भागाशी थेट जोडलेली ही पहिली मोठी कर्जमाफी. ती कशासाठी मिळाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ऋणकोची फेडण्याची ताकद किती, हिशेब खरा की खोटा, असे प्रश्न तिथे निर्णायक ठरले नाहीत. धनको प्रसन्न झाला, म्हणून कर्ज गेले. माफीचा हा स्वभाव पुढेही बदलला नाही.

कापूस एक, कायदे दोन

त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा शेअरांत ओतला गेला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या धडाधड बुडाल्या. या व्यापाऱ्यांसाठी त्याच वर्षी नादारीचा खास कायदा करण्यात आला. तसे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांना नादारीचा कायदा १८२८ पासूनच होता. मोठा व्यापारी बुडाला तर त्याची मोजदाद करून त्याला पुन्हा उभे करणे बाजाराच्याच हिताचे असते, ही समज तिथे रुजलेली होती.

कापसाची हीच तेजी आणि मंदी दख्खनच्या शेतकऱ्यानेही भोगली. तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, मंदीत हात आखडला आणि न्यायालयातून हुकूमनामे आणले. त्यात सारावाढीची भर पडली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळण्यात आले. ज्याला कायद्याने हिशेब मिटवता येत नव्हता, त्याने तो चुलीत घातला.

चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासून हिशेब पाहावा ही एक. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करू नये ही दुसरी. तिसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. या कायद्यात नादारीचे एक स्वतंत्र प्रकरण होते. ५० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला स्वतः अर्ज करून नादार ठरवून घेता येत होते. गावच्या कुणब्यासाठी लिहिलेला नादारीचा कायदा, तोही १८७९ साली! पण शेतकरी या दारापाशी जवळजवळ फिरकलेच नाहीत. हे प्रकरण बव्हंशी कागदावरच राहिले.

आणि हा कागदही सीना नदीच्या अलीकडे येत नव्हता. पलीकडे नगर-सोलापूर इंग्रजांचे, अलीकडे बीड-धाराशिव निजामाचे. कायदा नदीपाशी थांबला, कर्ज मात्र थांबले नाही. सवाईने घेतलेले बी, दिढीने घेतलेली ज्वारी, गहाणखत आणि मुदतखरेदी दोन्ही तीरांवर सारखीच होती. मुदतखरेदीत शेत कागदोपत्री विकले जाई आणि मुदतीत पैसे परत केले तर परत मिळे. मुदत टळली की कर्जदार आपल्याच शेतात बटईने राबे. संस्थानी न्यायालयांची भाषा उर्दू, खेड्यातल्या सावकाराची वही मोडीत आणि कर्जदाराचा अंगठा. या तीन लिप्यांच्या मध्ये शेतकऱ्याचा हिशेब अडकलेला असे. १९३० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर हैदराबाद सरकारने सावकारी, कर्जतडजोड आणि जमीन हस्तांतरण यांवर कायदे केले, पण त्यांची अंमलबजावणी तोकडी राहिली.

दरवाजा आतून कसा आहे

मुंबई-कलकत्ता-मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि उरलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, अशी जोडी पुढे दीर्घकाळ चालली. संस्थाने अर्थातच तिच्याबाहेर होती. स्वातंत्र्यानंतरच्या दुरुस्तीतही १९२० च्या कायद्याच्या व्याप्तीच्या कलमात पूर्वीची ‘ब’ वर्ग राज्ये वगळलेली दिसतात आणि हैदराबाद त्यांपैकी एक होते. म्हणजे हा दरवाजा बांधला गेला तेव्हा मराठवाडा अंगणाबाहेर होता. तरी त्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे नादारीविषयी जी भीती आहे ती बहुधा ऐकीव आहे.

कर्ज ५०० रुपये झाले असेल, किंवा हुकूमनाम्यापोटी अटक झाली असेल, किंवा मालमत्तेवर जप्ती आली असेल, तर कर्ज फेडू न शकणारा माणूस न्यायालयात अर्ज करू शकतो. आपली सर्व कर्जे, सर्व धनको आणि सर्व मालमत्ता त्याने सांगायची. न्यायालयाने त्याला नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि एकेकट्या धनकोला त्याच्यामागे लागता येत नाही. सगळ्यांचा हिशेब एका जागी होतो. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, गरजेपुरती जनावरे आणि बियाणे यांना दिवाणी प्रक्रिया संहितेनेच जप्तीतून वगळले आहे. शेतकऱ्याचे राहते घरही. तारण घेतलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क मात्र तसाच राहतो.

लबाडीला अटकाव आहे. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मालमत्ता फुकट कुणाच्या नावावर केली असेल, किंवा शेवटच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप दिले असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. शेवटी येते मुक्तता. तिथे कायद्याने जुन्या बाजाराची भाषा वापरली आहे. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही वसूल होत नसतील, तर न्यायालयाने बिनशर्त मुक्तता नाकारावी. मात्र ज्या परिस्थितीला ऋणकोला न्याय्यपणे जबाबदार धरता येत नाही, तिच्यामुळे असे झाले असेल तर गोष्ट वेगळी. ज्या प्रदेशात एक पाऊस चुकला की वर्ष जाते, तिथल्या माणसासाठी हा अपवाद किती मोलाचा होता, ते सांगायला नको. मुक्तता मिळाली की जुनी देणी संपतात. सरकारी देणे, फसवणुकीतून आलेले देणे आणि पोटगी एवढी उरतात.

मग कुणी आत का शिरले नाही?

१८७९ चे नादारीचे प्रकरण ओस पडले आणि १९२० चा कायदाही शेतकऱ्याचा झाला नाही. याची कारणे मला चार दिसतात.

पहिले कारण जमीन. व्यापाऱ्याचे दुकान गेले तरी त्याची अक्कल आणि ओळख त्याच्याकडे राहते. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. एका रस्त्यावर बुडालेला माणूस दुसऱ्या रस्त्यावर दलाली करून पुन्हा उभा राहू शकतो. शेतकऱ्याची औते आणि बैल कायद्याने वाचवले, पण ज्या रानात ते चालवायचे ते रान लिलावात गेले तर तो पुन्हा उभा कशावर राहणार? कर्जातून मोकळा झालेला शेतकरी सालगडी झाला, तर त्याने काय मिळवले?

दुसरे कारण पुढचा हंगाम. आजचा धनकोच उद्याचा धनको असतो. मृगाला बियाणे तोच देणार, लग्नाला पैसे तोच देणार. नादारीचा कायदा जुने कर्ज संपवतो, नवे कर्ज मिळवून देत नाही. शिवाय मुक्तता मिळेपर्यंत आपली स्थिती न सांगता ५० रुपये उधार घेणे हादेखील त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. मुंबईच्या पेढीला दुसरी पेढी मिळे. कंधार-औशाच्या खेड्याला दुसरा सावकार सहसा मिळत नसे.

तिसरे कारण घर. आपल्याकडे कर्ज एकट्या माणसाचे नव्हतेच. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, असे हिंदू कायदा मानत होता आणि न्यायालये त्या आधारे मुलांकडून वसुली करून देत होती. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरते हे बंधन संपवले. याच धर्मशास्त्रात दुसरी बाजूही होती. दामदुप्पट म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येणार नाही, हा नियम. परंपरेने कर्जाला छत दिले होते, पण कर्ज मिटवण्याची वाट मुलाच्या खांद्यावरून नेली होती.

चौथे कारण अब्रू. मुक्त न झालेल्या नादाराला आमदार किंवा खासदार होता येत नाही, असे आपल्या संविधानाच्या १९१ व्या आणि १०२ व्या अनुच्छेदांत लिहिले आहे. ग्रामपंचायतीलाही असाच नियम आहे. यामागे हेतू वाईट नसेल, पण गावाने त्यातून एवढेच ऐकले की नादार हा चारचौघांत बसण्याच्या लायकीचा नाही. बुडालेला व्यापारी दिवा लावून परत येऊ शके, कारण त्याच्या पेठेत परत येण्याची रीत होती. शेतकऱ्याच्या गावात ती रीत तयार झाली नाही.

माफीचे शतक

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर मराठवाड्याच्या वाट्याला १९५६ चा हैदराबाद कृषी ऋणी साहाय्य कायदा आला. १९४७ च्या मुंबईच्या कायद्याच्याच कुळातला हा. अशा कायद्यांचा गाभा असा की न्यायालयाने जुना हिशेब उकलावा, ऋणकोची फेडण्याची कुवत पाहून रक्कम कमी करावी आणि हप्ते बांधून द्यावेत. जमीन राखून कर्ज कमी करणारी ही रीत शेतकऱ्याच्या नादारीच्या सर्वांत जवळची होती. पण ती त्या काळच्या जुन्या कर्जांपुरती होती. कायम उघडे राहणारे दार म्हणून ती टिकली नाही.

आणीबाणीत २२ ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्राने वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कर्जमुक्ती कायदा झाला. अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि कामगार यांची सावकारी कर्जे एका फटक्यात रद्द झाली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले, न्या. कृष्ण अय्यर यांच्या १९७७ च्या निकालाने कायदा टिकला. बँका, सहकारी संस्था आणि सरकार यांची देणी मात्र यातून वगळलेली होती. पुढे पारडे फिरले. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, जून २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची योजना आणि डिसेंबर २०१९ ची दोन लाखांपर्यंतची योजना या संस्थात्मक कर्जासाठी होत्या. खासगी सावकाराचे आणि आडत्याच्या उचलीचे कर्ज या वेळी बाहेर राहिले. १९७५ ला सावकार आत आणि बँक बाहेर. २००८ पासून बँक आत आणि सावकार बाहेर. एकाच माणसाच्या एकाच घरातली दोन्ही कर्जे एका टेबलावर मांडली जाण्याचा प्रसंग कधी आलाच नाही. नादारी नेमके तेच करते.

माफीने लाखो घरांना श्वास दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण माफीची तारीख सरकार ठरवते. कर्ज त्या तारखेच्या आधीचे असले तर गेले, नंतरचे असले तर राहिले. ज्याने बायकोचे दागिने मोडून हप्ता भरला, त्याला आपण भरला याचाच पश्चात्ताप होतो. माफी पिकाच्या किंवा घराच्या पंचांगाने येत नाही, निवडणुकीच्या पंचांगाने येते.

या सगळ्यात एक गोष्ट मन अस्वस्थ करणारी आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची तरतूद राज्यात आहे. त्यासाठी समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. नावावर जमीन होती का, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज होते का, ते थकले होते का, हे पाहिले जाते. म्हणजे एका माणसाचे सगळे देणे-घेणे एका जागी मांडून, त्याची कुवत तपासून निर्णय देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. ती माणूस गेल्यावर कामाला लागते. नादारीचा कायदा हाच हिशेब माणूस असताना करायला सांगतो.

नवी संहिता, न लागलेला दिवा

२०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता मंजूर केली. कंपन्यांविषयीचा तिचा भाग लगेच गाजला. व्यक्तींसाठी तिसरा भाग आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता लागू झाला. साध्या माणसासाठी तो हा लेख लिहीपर्यंत सुरू झालेला नाही, आणि त्यामुळे १९०९ व १९२० चे जुने कायदेही पूर्णपणे गेलेले नाहीत.

या तिसऱ्या भागात ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत असलेल्या माणसाची बिनतारणी कर्जे त्यातून मिटू शकतात. अट अशी की त्याच्या मालकीचे राहते घर नसावे. मुखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही मापे लावून पाहा. उत्पन्नात तो बसेल. पण पत्र्याचे का होईना, घर त्याच्या नावावर आहे. दोन एकर रान आहे म्हणजे मालमत्ता २०,००० च्या वर गेली. आणि पीककर्ज बहुधा तारणी. संहितेने ज्यासाठी दार केले तो गरीब शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहतो. आणि जे घर १९०८ च्या दिवाणी संहितेने शेतकऱ्यासाठी राखले, तेच इथे त्याला अपात्र ठरवते.

उरतो दिवाळखोरीचा पूर्ण मार्ग. त्यात मुक्तता सर्वसाधारणपणे आदेशानंतर एका वर्षात मिळते, हे जुन्या कायद्याहून चांगले. पण वाटणीतून वगळलेल्या मालमत्तेत अवजारे, घरसामान आणि ठरावीक किमतीपर्यंतचे एक घर येते. शेतजमिनीचा उल्लेख नाही. १८७९ चे पहिले कारण जिथल्या तिथे आहे. शिवाय ही प्रकरणे कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे चालायची. किनवट किंवा देगलूरहून छत्रपती संभाजीनगर गाठायला लागणारा दिवस आणि खर्च हा हिशेबही धरावा लागेल.

शेतकऱ्याची नादारी वेगळी आखता येते, याचे उदाहरण जगात आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मध्यपश्चिमेचे शेतकरी कर्जात बुडाले, तेव्हा १९८६ साली तिथल्या दिवाळखोरीच्या कायद्यात कुटुंबाच्या शेतीसाठी बारावे प्रकरण घालण्यात आले. शेत विकायचे नाही; शेतकऱ्याने शेती चालू ठेवायची, तीन ते पाच वर्षांची फेडीची योजना न्यायालयापुढे मांडायची, हंगामाप्रमाणे हप्ते द्यायचे आणि योजना पूर्ण झाली की पात्र असलेले उरलेले कर्ज सोडून द्यायचे. ते प्रकरण प्रथम तात्पुरते होते; उपयोग दिसल्यावर २००५ साली कायम झाले. आपल्याला हे परके वाटू नये. फेडीची कुवत पाहून हप्ते बांधणे हेच १९४७ आणि १९५६ च्या आपल्या कायद्यांनी केले होते.

तेव्हा मागणी नवी नाही. तालुक्याच्या न्यायालयात चालणारी, बँक, सोसायटी, सावकार आणि आडत्या यांची देणी एका कागदावर मांडणारी, पोटापुरते रान राखणारी आणि ठरल्या मुदतीनंतर पाटी कोरी करणारी शेतकऱ्याची नादारी. तिला सरकारच्या घोषणेची वाट पाहावी लागणार नाही आणि तिच्यासाठी कुणाच्या प्रसन्नतेची गरज नाही. तपासणी कडक असावी. लबाडाला ती नाकारली जावी. पण ज्याच्याकडे खरोखर नाही, त्याला ‘नाही’ असे सांगण्याची एक जागा हवी, जिथून तो दुसऱ्या दिवशी आपल्या घरी आणि आपल्या रानात परत जाऊ शकेल. व्यापाऱ्यांच्या पेठेने ही सोय दोनशे वर्षांपूर्वी एका दिव्यावर भागवली होती. शेतकऱ्याच्या दारात तो दिवा अजून कुणी लावलेला नाही.